झेंडा, गोटे आणि बर्फावरची वाट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. आणि त्या झेंड्यासाठी दिवसभर दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव! झेंडा अखेर चंडीमातेच्या चरणी वाहिला जातो. पण तोवर शेकडो माणसे रक्तबंबाळ झालेली असतात. आजवर अनेकांनी येथे प्राणही गमावले आहेत. हीच ती प्रसिद्ध ‘गोटमार’. बंदीहुकूम निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. गोटे मात्र थांबले नाहीत. २०२३ साली पांढुर्णा व सौसर या दोन मराठीभाषी तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांसाठी नावाजलेल्या या भूमीची ओळख बाहेरच्या जगाला व्हावी ती फुटलेल्या डोक्यांनी, हे आम्हांस खटकते.

रबरी चेंडूंचा उपाय का फसला? आमच्या मते, त्याने धोका काढून घेतला, परंतु त्या जागी पराक्रम दिला नाही. तरुणांना कसोटी हवी असते; तिच्याऐवजी खेळणे दिले तर ते ती भिरकावून देणारच.

खरी कसोटी कशी असते, हे पाहावयाचे तर हिवाळी ऑलिंपिकमधील बर्फावरील लांब पल्ल्याच्या शर्यतीकडे पाहावे. पायांना लांब अरुंद पट्ट्या, हातांत दोन काठ्या, आणि चढउतारांची लांब वाट. उतारावर घसरत जाण्याची ही मौज नव्हे. चढ स्वतःच्या बळावर चढावा लागतो आणि अंतिम रेषेवर भलेभले वीर श्वासासाठी तडफडत बर्फावर कोसळतात. तेथे प्रतिस्पर्ध्याला कोणी जखमी करीत नाही. २०१८ साली प्योंगचांग येथे स्वित्झर्लंडच्या दारिओ कोलोन्याने पंधरा किलोमीटरची ही शर्यत सुमारे चौतीस मिनिटांत जिंकली. मेक्सिकोचा त्रेचाळीस वर्षांचा हेर्मान माद्रासो त्यानंतर जवळजवळ सव्वीस मिनिटांनी, सर्वांत शेवटी, हातात आपला राष्ट्रध्वज घेऊन पोहोचला; आणि इतर देशांच्या खेळाडूंनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. २०२२ साली बीजिंगमध्ये तर फिनलंडचा विजेता ईवो निस्कानेन शेवटच्या कोलंबियन खेळाडूची वाट पाहत थांबून राहिला. झेंड्याचा मान राखण्याची ही रीत पाहा!

आपली कामगिरी या खेळात बेताचीच. प्योंगचांगला आपला जगदीश सिंग १०३ वा आला. २०१४ साली सोचीत तर भारतीय ऑलिंपिक संघटनेवरील निलंबनामुळे आपल्या खेळाडूंना उद्‌घाटनाच्या संचलनात तिरंगाही लाभला नाही. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठले, म्हणून नदीम इक्बाल तिरंग्याखाली धावू शकला. खेळाडूंनी घाम गाळावा आणि पदाधिकाऱ्यांनी झेंडा गमवावा, असा हा प्रकार होता.

‘आमच्याकडे बर्फ कोठे?’ असा प्रश्न सौसरमध्ये निघेल. आमच्या किनाऱ्यावर तर निघेलच. परंतु प्योंगचांगच्या त्याच शर्यतीत टोंगासारख्या उष्ण सागरी बेटाचा पिता ताउफातोफुआ धावला होता. बर्फाअभावी त्याने चाके लावलेल्या पट्ट्यांवर डांबरी रस्त्यावर सराव केला होता. अर्थात, पांढुर्ण्याच्या पोरांना उद्या हिमशिखरांवर धाडा, असे आम्ही म्हणत नाही. दूर किनाऱ्यावर बसून परंपरा मोडण्याचा उपदेश करण्याचा अधिकारही आम्ही सांगत नाही. कोकण-गोमंतकातही मानपानावरून गावागावांत तंटे झालेलेच आहेत.

आमची सूचना साधी आहे. झेंडा राहू द्या, पळस राहू द्या, चंडीमातेचा मान राहू द्या, दोन तीरांची ईर्षाही राहू द्या. फक्त दगडाच्या जागी दम लावा. दोन्ही तीरांच्या तरुणांची रानावनांतून, चढउतारांवरून, दमछाक करणारी लांब पल्ल्याची शर्यत ठेवावी. ती जाम नदीत संपावी आणि जिंकणाऱ्या तीराने झेंडा देवीला वाहावा. शासनाने त्यासाठी मैदान, प्रशिक्षक आणि भरघोस पारितोषिके द्यावीत. नुसता बंदीहुकूम काढून कर्तव्य संपत नाही. निर्णय मात्र पांढुर्णा-सावरगावच्या वडीलधाऱ्यांनीच घ्यावयाचा आहे. कारण लादलेला बदल नदीच्या पहिल्या पुरात वाहून जातो.

दंतकथा अशी की, दोन गावांच्या वैरात एक प्रेमी युगुल याच नदीत दगडांखाली मेले. त्यांची स्मृती जपावयाची तर आणखी दगड मारून की पैलतीरावरून येणाऱ्याला हात देऊन, याचा विचार पुढच्या पोळ्याआधी व्हावा.