बातमीचा वेश घेतलेली जाहिरात

बी.कॉम.च्या अभ्यासात १८७२ चा भारतीय करार कायदा असतो. त्याचे कलम १७ कपटाविषयी आणि कलम १८ चुकीच्या निवेदनाविषयी आहे. कलम १९ सांगते की, अशा मार्गाने संमती मिळवून केलेला करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. व्यवहारात फसगत झाली तर निदान दाद मागण्याची सोय आहे. पण वृत्तपत्राने फसवले तर?

ऑक्टोबर २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत हा प्रश्न उघडा पडला. तीन मोठ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा जवळजवळ शब्दशः एकच मजकूर निरनिराळ्या ठिकाणी छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' मधून हे उघडकीस आणले. उमेदवारांना 'पॅकेज' विकले जात होते, असे आरोप तेव्हा राज्यभर झाले. पैसे मोजा, स्तुती छापून घ्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेने चौकशीसाठी दोघांची समिती नेमली. समितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल लिहिला. परंतु जुलै २०१० मध्ये परिषदेने स्वीकारला तो संक्षिप्त अहवाल! मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहितीच्या अधिकाराखाली केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश व्हावा लागला. तेव्हा २०११ साल उजाडले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. २००७ च्या निवडणुकीत बातमीच्या रूपात छापून आणलेल्या मजकुराचा खर्च त्यांनी हिशोबात दाखवला नव्हता. 'पेड न्यूज'साठी अपात्र ठरलेल्या त्या पहिल्या आमदार. पण निकाल लागला तोवर त्यांच्या आमदारकीची साडेचार वर्षे उलटली होती. वाचकहो, खरे नुकसान येथे आहे. फसवून घेतलेली सही मागे घेता येते, फसवून घेतलेले मत मागे घेता येत नाही.

बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात पत्रकारितेला साबणाच्या कारखानदारीच्या रांगेत बसवले होते. आज आम्हाला वाटते, साबण बरा! त्याच्या वेष्टनावर वजन आणि किंमत तरी छापावी लागते. विकलेल्या बातमीवर किंमत कोठेच नसते. आपण ती जाहिरात म्हणून वाचतच नाही, सत्य म्हणून वाचतो.

मग आपण काय करावे? करार कायद्यातच एक मेख आहे. साध्या चौकशीने खरे कळण्यासारखे असेल, तर चुकीच्या निवेदनाबद्दलची तक्रार टिकत नाही. म्हणजे चौकशी करणे ही आपलीही जबाबदारी आहे. बातमीत केवळ स्तुती आहे, एकही अडचणीचा प्रश्न नाही, विरोधकाचे म्हणणे नाही, तर शंका घ्यावी. तोच मजकूर दुसऱ्या पत्रात आढळला, तर शंका पक्की समजावी. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' छापले आहे का, हे पाहण्याची सवय घरातील मुलामुलींना लावावी. रविवारी विहारात दोन निरनिराळी दैनिके शेजारी ठेवून एकच बातमी वाचून दाखवा. तरुण मंडळी आपोआप शहाणी होतील. निवडणुकीच्या काळात जिल्ह्याच्या ठिकाणी माध्यमांवर देखरेख ठेवणारी समिती असते. कात्रण आणि तारीख जोडून तिच्याकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी.

गुंठाभर जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, दहा जणांना विचारतो. पाच वर्षांचा कारभार ज्याच्या हाती द्यायचा, त्याची माहिती मात्र छापून आली म्हणून खरी मानतो. छापलेल्या अक्षराचा आदर जरूर करू या, पण ते तपासून घेतल्यावर.