विश्लेषण : कोल्हापुरी चपलेची ‘लेदर सँडल’ कशी झाली? फॅशनच्या प्रसिद्धीचे गणित काय?

इटलीतील मिलान शहरात २२ जून २०२५ रोजी ‘प्राडा’ या बड्या ब्रँडचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. काही मॉडेलच्या पायात अंगठा आणि वेणीकाम असलेल्या चपला होत्या. महाराष्ट्रात त्या कोणीही ओळखल्या असत्या. शोसोबतच्या माहितीत मात्र त्यांचा उल्लेख फक्त ‘लेदर सँडल’ असा होता. कोल्हापूरचे नाव नव्हते, भारताचेही नव्हते. त्यानंतर जो वाद पेटला तो चपलेच्या नक्कलेपुरता नव्हता. फॅशनच्या धंद्यात कोणाचे नाव छापून यावे हे कोण ठरवते, हा त्यामागचा प्रश्न आहे.

शो नेमका कशासाठी असतो?

जूनच्या शोमध्ये दिसणारे कपडे पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी असतात. ते दुकानात यायला अनेक महिने लागतात. तरीही दहा-पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमावर प्रचंड खर्च होतो, कारण शो ही मुळात प्रसिद्धीची यंत्रणा आहे. रॅम्पवरचा कोट घेणारे मूठभर असतात. पण त्या फोटोंमुळे गाजलेल्या नावाचा चष्मा किंवा परफ्यूम घेणारे कितीतरी जास्त असतात.

ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने पॅरिस ताब्यात घेतल्यावर तिथल्या फॅशनचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. ती संधी साधून एलिनोर लॅम्बर्ट या प्रसिद्धी व्यावसायिक महिलेने १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘प्रेस वीक’ भरवला. अमेरिकेतल्या पत्रकारांना एकत्र आणून अमेरिकी डिझायनरचे काम दाखवणे हा त्याचा हेतू होता. आजच्या फॅशन वीकचे मूळ त्यात आहे. १९४८ मध्ये सुरू झालेला ‘मेट गाला’ हीदेखील त्यांचीच कल्पना. म्हणजे फॅशन वीक जन्माला आला तोच पत्रकारांसाठी.

पीआरची माणसे काय करतात?

पहिले काम पाहुण्यांची यादी. पहिल्या रांगेत कोणता अभिनेता, कोणती संपादक आणि कोणता इन्फ्लुएन्सर बसणार, हे आधीच ठरलेले असते. तिथे बसलेल्यांचे फोटोही कपड्यांइतकेच फिरतात.

दुसरे काम माहितीपत्रकाचे. त्याला ‘शो नोट’ म्हणतात. संग्रहाची कल्पना काय, कापड कोणते, प्रेरणा कुठली, हे त्यात लिहिलेले असते. शो संपल्यावर काही मिनिटांत बातमी द्यायची असल्याने त्यातले शब्द अनेकदा तसेच छापले जातात. त्यामुळे शो नोटमध्ये गाळलेले नाव बातमीतूनही गळते.

तिसरे काम नमुन्यांचे. नव्या संग्रहाचे मोजके नमुने मासिके आणि स्टायलिस्ट यांच्यात फिरवले जातात. मुंबईत सिनेतारका एखाद्या समारंभात जो लेहंगा घालते, तो बऱ्याचदा एका संध्याकाळपुरता आणलेला असतो. मोबदल्यात इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये डिझायनर, दागिने, स्टायलिस्ट, मेकअप, केशरचना आणि छायाचित्रकार यांची नावे येतात. कापड विणणाऱ्याचे किंवा जरदोसी करणाऱ्याचे नाव क्वचितच असते.

बातमीदार किती मोकळा असतो?

फॅशन मासिकांचे मोठे उत्पन्न ब्रँडच्या जाहिरातींतून येते. ज्याची जाहिरात, त्याच्यावर परखड समीक्षा लिहिणे सोपे नसते. प्रवेशिका देणे-न देणे हेही ब्रँडच्याच हातात. २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक कॅथी होरिन यांना ‘सेंट लॉरेंट’च्या शोचे आमंत्रण मिळाले नाही. डिझायनर एडी स्लिमान यांनी तर त्यांना आपल्या शोमध्ये जागा मिळणार नाही असे ट्विटरवर जाहीरपणे लिहिले. होरिन यांनी फोटो पाहून समीक्षा लिहिली. छोट्या माध्यमाला असा बाणेदारपणा परवडतोच असे नाही.

इन्फ्लुएन्सरच्या बाबतीत ही रेघ आणखी पुसट आहे. म्हणूनच भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम केले. पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू किंवा सहल मिळाली असली तरी पोस्टवर तसे स्पष्ट सांगावे लागते. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही तशीच मार्गदर्शक तत्त्वे आणली. दिशाभूल केल्यास ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

टीका झाल्यावर काय घडले?

समाजमाध्यमांवर संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिले. उत्तरात प्राडाने चपलांमागे भारतीय पारंपरिक हस्तकलेची प्रेरणा असल्याचे मान्य केले आणि संग्रह अजून प्राथमिक टप्प्यात असल्याचे सांगितले. जुलैमध्ये प्राडाचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. चूक मान्य करा, चर्चेची तयारी दाखवा, प्रत्यक्ष भेटीला जा, हा संकटकाळातल्या जनसंपर्काचा नेहमीचा क्रम आहे.

या काळात माध्यमांचेही भान सुटले. विक्रीचा निर्णयच झाला नसल्याचे कंपनी सांगत असताना ‘लाखाची चप्पल’ असे मथळे सर्रास फिरले.

नाव गाळल्याने काय बिघडते?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. हे मानांकन प्रामुख्याने नावाला संरक्षण देते आणि तेही भारतापुरते. त्यामुळे नाव न घेता तशीच चप्पल परदेशात विकणाऱ्याला या कायद्याने अडवणे कठीण जाते. भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत धारक स्वतः दाद मागू शकतात, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

नाव घेतल्यावर काय होते, तेही दिसले. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने मानांकनधारक असलेल्या ‘लिडकॉम’ (महाराष्ट्र) आणि ‘लिडकर’ (कर्नाटक) या सरकारी महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्यांत २,००० जोड बनवून प्रत्येकी सुमारे ८०० युरोला विकण्याची योजना जाहीर झाली. कोल्हापुरात चांगला जोड हजार-दोन हजारांत मिळतो. हा फरक चामड्याचा नाही, नावाचा आहे.

पुढे काय?

डिझायनरकडे पीआर एजन्सी असते, चर्मकाराकडे नसते. यावेळी हजारो लोकांनी मोबाइलवरून ते काम फुकट केले, म्हणून नाव परत मिळाले. प्रत्येक वेळी असा गदारोळ होईलच असे नाही. म्हणून मानांकनधारक महामंडळांनी फॅशन हंगामावर लक्ष ठेवणारी, फोटो आणि माहिती तत्काळ पुरवणारी स्वतःची यंत्रणा उभी करायला हवी. आणि बातमीदारांनी शो नोट छापण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हे बनवणाऱ्याचे नाव यात कुठे आहे?