औषधाच्या डब्यावर जे छापलेले नाही



हार्मोन म्हणजे काय हे द्राक्ष बागायतदाराला शिकवायला डॉक्टर लागत नाही. जिब्रेलिक ॲसिड त्याने वर्षानुवर्षे हाताळले आहे. फुलोऱ्याआधी 10 पीपीएम दिले की घड लांबतो. मणी धरल्यावर दिले की मणी फुगतो. पदार्थ तोच, वेळ बदलली की परिणाम बदलला. आणि 10 पीपीएम म्हणजे किती? 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. कपाशीवाल्याचा अनुभव तर याहून कडू. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याने 2,4-डी मारले आणि वारा आपल्याकडे असला, तर आपल्या कपाशीची पाने भेंडीसारखी होतात. कपाशीवर कोणी पंप धरला नव्हता. वाऱ्यावर आलेला अंश पुरला.

आता हाच हिशेब माणसाच्या देहाला लावा. आपल्या ग्रंथींचे रसही रक्तात असेच नगण्य प्रमाणात फिरतात आणि त्यांच्यावर वाढ, वयात येणे, मूल होणे अवलंबून असते. काही कीटकनाशके आणि तणनाशके या रसांची नक्कल करतात, काही त्यांची वाट अडवतात. मोठ्या माणसात जे खपून जाईल, ते पोटातल्या गर्भाला नको त्या दिवशी पोचले तर आयुष्यभराचे होऊन बसते. फुलोरा आणि मणी यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे वेगळे सांगायला नको.

डब्यावर मात्र काय असते? त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हा रंग ठरतो तो किती मात्रेत प्रयोगशाळेतले जनावर मरते यावरून. जे मेले नाही, त्याच्या पिलांचे काय झाले, हे त्या रंगात कुठेही नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना आपली वीसेक माणसे गेली, तेव्हा निदान पंचनामे झाले, पुढारी येऊन गेले. सावकाश होणाऱ्या नुकसानीचा पंचनामा कोणता तलाठी करणार?

केरळातल्या कासरगोडने तो करून दाखवला. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून 2000 पर्यंत हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले गेले. खाली विहिरी, ओढे, घरे. गावच्या डॉक्टरांनी आणि बायाबापड्यांनी आरडाओरड केल्यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासणी केली. फवारणीखालच्या गावातली 117 मुले आणि लांबच्या गावातली 90 मुले, सगळी 10 ते 19 वयाची. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आला: फवारणीखालची मुले उशिरा वयात येत होती आणि त्यांच्या रक्तात एन्डोसल्फान होते. कारखानदारांनी तो अभ्यास खोटा ठरवायला जंग जंग पछाडले. एप्रिल 2011 मध्ये स्टॉकहोम कराराने ते जगभरातून हद्दपार करायचे ठरवले, 13 मे 2011 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन आणि विक्री थांबवली. जानेवारी 2017 मध्ये त्याच न्यायालयाला केरळ सरकारला बजावावे लागले की पीडितांना प्रत्येकी 5 लाख रुपये तीन महिन्यांत द्या.

मी कृषी पदवीधर. हेच एन्डोसल्फान 35 ईसी, 10 लिटरला 20 मिली, असे मी बांधावर उभा राहून शेकडो शेतकऱ्यांना सांगितले आहे. वहीत तेच लिहून दिले होते. वेचणीला येणाऱ्या गरोदर बाईने त्या रानात कधी जावे, हा प्रश्न मला परीक्षेत कोणी विचारला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही.

आपल्यातलेच काही म्हणतील, ही पर्यावरणवाल्यांची थेरं आहेत, स्वस्त औषध बंद करून महाग औषध गळ्यात मारायचा परदेशी डाव आहे. 2011 साली कारखानदार हेच बोलत होते. डाव असेलही, पेटंटवाल्यांना मी संत समजत नाही. पण स्वस्त औषधाचा नफा ज्यांनी खाल्ला, त्यांनी कासरगोडच्या आईबापांना काय दिले? आणि महाग औषधाचा बोजा शेतकऱ्यानेच का सोसावा? भाव देताना आपला फवारणीखर्च कोण धरतो?

एन्डोसल्फान गेले, प्रश्न गेला नाही. मका आणि उसात आपण ॲट्राझीन टाकतो. ते झिरपून भूजलात जाते म्हणून युरोपीय संघाने 2004 मध्ये त्याला नकार दिला. अमेरिकेत टायरॉन हेज या शास्त्रज्ञाने 2002 मध्ये दाखवले की पाण्यात अगदी पीपीबीच्या दहाव्या हिश्शाइतके असले तरी नर बेडकांत अंडाशयाच्या खुणा दिसतात. कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांना मात्र तसे काही दिसले नाही! आपल्या केंद्र सरकारने मे 2020 मध्ये 27 औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझीन होते. फेब्रुवारी 2023 च्या मसुद्यात बंदीला तीनच नावे उरली. त्यात ते नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत मी ठराव मांडणार आहे. ग्रंथींवर आणि पुढच्या पिढीवर काय परिणाम दिसला, ते प्रत्येक डब्यावर ठळक मराठीत छापा. ती तपासणी कंपनीच्या खर्चाने, पण सरकारी प्रयोगशाळेत करा. एखादे औषध बंद केले तर पर्यायाचा वाढीव खर्च हमीभावात धरा. विरोध असेल त्यांनी बैठकीत उभे राहून बोलावे, मागे कुजबुजू नये. आणि येताना गेल्या हंगामातली औषधांची बिले सोबत आणा. कोणत्या गावात काय आणि किती पडले, याची यादी त्याच दिवशी करायला बसू.