घर मोडतें तेव्हां हंसावें काय?

बस्टर कीटन याचा 'वन वीक' हा 1920 सालचा मूक विनोदी लघुपट आम्हीं नुकताच पनवेल तालुक्यांतील गव्हाण येथें एका ओसरीवर शेजाऱ्यांसमवेत पाहिला. खेळ संपल्यावर एका सुशिक्षित गृहस्थांनीं आक्षेप घेतला कीं, ज्या भागांतील लोकांच्या जमिनी व घरें गेलीं, त्यांच्यापुढें घर मोडण्याची थट्टा दाखविणें योग्य नव्हे. आक्षेप सद्धेतूचा आहे. तथापि आम्हांस तो मान्य नाहीं.

कथानक थोडक्यांत असें. नवपरिणीत जोडप्यास आहेर म्हणून जागा व सुट्या भागांचें घर मिळतें. खोक्यांवरील अंकांप्रमाणें भाग जोडावयाचे. परंतु वधूनें नाकारलेला एक मत्सरी इसम ते अंकच बदलतो. घर वेडेंवाकडें उभें राहतें, वादळांत भोवऱ्यासारखें फिरतें, आणि शेवटीं कळतें कीं, 66 व 99 यांची गल्लत होऊन तें भलत्याच भूखंडावर बांधलें गेलें! रूळांपलीकडे ओढून नेतांना तें मध्येंच अडकतें. गाडी येते, पण शेजारच्या रूळांवरून निघून जाते; दोघें निःश्वास टाकतात, तोंच उलट दिशेची दुसरी गाडी घराचा चुराडा करते.

यांत थट्टा कोणाची? घर गमावणाऱ्यांची खास नव्हे. एका आंकड्यावर माणसाचा निवारा टांगणाऱ्या व्यवस्थेची ती थट्टा आहे. 1970 सालीं सिडको स्थापन झाल्यापासून या टापूंतील शेतकऱ्यानें भूखंडांचे क्रमांक पुष्कळ पाहिले. 1984 च्या जानेवारींत त्याच्या आंदोलनावर जासईच्या बाजूस गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. पुढें विमानतळाकरितां दहा गांवांस घरें सोडावीं लागलीं. त्या गांवांपैकीं एक जिचें माहेर, अशा एक आजीबाई ओसरीवर होत्या. भूखंडाचा घोटाळा उघडकीस आला तेव्हां सर्वांत मोठ्यानें हंसल्या त्या याच. त्यांचें हंसें आवरण्याचा अधिकार त्या सुशिक्षितांस कोणीं दिला?

आणखी एक. 1913 सालीं फाळके यांस तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना, म्हणून साळुंके या पुरुषास लुगडें नेसविलें. सातच वर्षांनंतरच्या या परदेशी खेळांत पत्नी पतीबरोबर राबते, आणि घर गेल्यावर त्याचा हात धरून चालूं लागते. आमच्याकडील विनोद मात्र अद्यापि भांडखोर बायकोवांचून उभा राहत नाहीं.

गव्हाणच्या शाळांनीं हा लघुपट मुलांस अवश्य दाखवावा. मागाहून चिकटविलेलें गोंगाटी संगीत तेवढें बंद ठेवावें. आम्हीं तें दुसऱ्याच मिनिटास बंद केलें होतें.