दहा पावले मागे



इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. दिवसातून दोनदा भरती येते आणि बेटाकडे जाणारा रस्ता पाण्याखाली जातो. भरतीचे वेळापत्रक न पाहता गाडी घालणाऱ्यांसाठी वाटेत उंच खांबांवर एक खोली उभारलेली आहे. अडकलेल्याने ओहोटीपर्यंत तेथेच बसावे. गेल्या ऑक्टोबरमध्ये मुलासोबत या बेटावर पक्षी पाहण्यात एक दिवस घालवला.

सकाळी गावातल्या झुडपात पिवळ्या भुवईचा वटवट्या दिसला. सायबेरियातून आलेला हा जीव वजनाला जेमतेम अर्धा तोळा! आयुष्य सोन्याच्या काट्यासमोर गेले, पण एवढ्याशा वजनात इतके बळ मावताना प्रथमच पाहिले.

दुपारी ओहोटीच्या चिखलात ब्रेंट हंसांचा थवा चरत होता. आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरून दोन हजार किलोमीटरांहून अधिक उडून हे हंस येतात आणि हिवाळाभर येथे राहतात. जणू त्यांचा चातुर्मासच. समुद्री गवत हा त्यांचा आहार. पाणी चढले की पुढ्यातले ताट उचलले जाते.

छायाचित्राच्या मोहाने मी दहा पावले पुढे गेलो. तत्क्षणी चरणे थांबले, शेकडो माना ताठ झाल्या. मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, “बाबा, मागे या. ते उडाले तर जेवणाची वेळही जाईल आणि साठवलेले बळही.” मी मागे सरलो. हळूहळू माना पुन्हा खाली गेल्या.

सातव्या शतकात येथील ख्रिस्ती साधू कथबर्ट यांनी जवळच्या फार्न बेटावर एकांतवास पत्करला. तेथील आयडर बदकांना त्यांनी अभय दिले, अशी परंपरा सांगते. ती बदके आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकतो. पहिल्या तिन्हींसाठी देणाऱ्यापाशी काही असावे लागते. अभयदानासाठी केवळ स्वतःचा मोह आवरावा लागतो, आणि तेच कठीण. पक्ष्यांना दाणे घातले की जीवदया झाली, असे मी मानत आलो होतो. त्या हंसांना माझ्याकडून दाणे नको होते. अंतर हवे होते.

भरतीपूर्वी रस्ता ओलांडला, तेव्हा कॅमेऱ्यात हंसांचे एकही छायाचित्र नव्हते. येत्या हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी पाहायला गेलात, तर नावाड्याला होडी थोडी दूरच थांबवायला सांगा.