लिंक पाठवली म्हणजे शिकवलं?

2020 मध्ये लेक्चर्स ऑनलाइन झाली, तेव्हा सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडीत बसून शिकत होती. आपण फोटो फॉरवर्ड केले, कौतुक केलं. लाज कुणालाच वाटली नाही.

डोंगर काय फक्त कोकणात आहेत? घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर दहा बाय दहाची खोली, घरात एकच फोन, आणि वर हुकूम: कॅमेरा ऑन करा, नाहीतर गैरहजर!

झूम वापरा, मीट वापरा, हरकत नाही. पण प्रत्येक लेक्चरचं रेकॉर्डिंग द्या, रात्री फोन मोकळा झाल्यावर पोरं ऐकतील. नुसता आवाज ऐकणाऱ्याचीही हजेरी लावा.

विद्यापीठ असो की कॉलेज, एवढं जमत नसेल तर ‘ऑनलाइन शिकवलं’ म्हणू नका. लिंक पाठवली, एवढंच म्हणा.