सातबारा काठापर्यंतच

पिंपळे गुरवात पवनेकाठी जागा असलेल्याशी नदीचा विषय काढा, उत्तर ठरलेले असते: "सातबारा आमच्या नावावर आहे. तुम्हाला आमच्यातून पाण्यावर कशाला सोडायचे?"

यातले निम्मे खरे आहे. खासगी जागेतून पाण्यापर्यंत जाण्याचा सरसकट हक्क कुणालाच नाही. शेतकऱ्याला बांधावरून वाट हवी तर जमीन महसूल संहितेचे कलम 143 घेऊन तहसीलदाराकडे जाता येते. नदीवर जाणाऱ्याला तशी सोय नाही. पण 1966 च्या त्याच संहितेचे कलम 20 नदी-तलावांचा तळ आणि त्यातले पाणी, दुसऱ्याची मालकी सिद्ध होत नसेल तर, सरकारचे मानते. आणि सरकार हे त्याचे धनी नव्हे, विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बियास नदीकाठच्या मोटेलच्या खटल्यात बजावले. सातबारा काठाशी संपतो, कंपाउंडची भिंत मात्र पुढे सरकत राहते.

वहिवाटीचा दाखला देणाऱ्यांनी महाड आठवावे. चवदार तळे आपलेच, तिथली वहिवाट आपलीच, असा दावा 1927 मध्ये स्पृश्यांनी बाबासाहेबांविरुद्ध लावला. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो टिकला नाही. प्राचीन वहिवाट शाबीतच झाली नाही. (तिथला प्रश्न माणुसकीचा होता, इथला चौरस फुटांचा, दोन्ही एका तागडीत घालत नाही.)

तिसरा आक्षेप जास्त बेरकी: नदीचे गटार झाले, तिथे जाऊन करणार काय? उन्हाळ्यात जलपर्णीने पात्र झाकते, डासांनी दारे लावून बसावे लागते, हे खरेच. पण माणसाचा पाय पडत नाही तिथेच रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, 36 बंगले उभे राहिले. हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर 17 मे 2025 रोजी महापालिकेने ते पाडले. काठाने लोकांची रोजची ये-जा असती, तर पहिला पाया खणतानाच बोभाटा झाला असता.

म्हणून मागणी साधी आहे. काठच्या नव्या बांधकामांना परवानगी देताना पाण्यापर्यंतची पायवाट सोडायची अट घाला, जागेचा मोबदला टीडीआरने (हस्तांतरणीय विकास हक्काने) द्या. नदीकाठ सुधारताना तिकिटाचे फाटक बसवू नका. आणि जुन्या गावनकाशांवर नदीकडे जाणाऱ्या ज्या वाटा तुटक रेषेने दाखवल्या आहेत, त्या भूमी अभिलेख खात्याकडून आधी मोजून घ्या.